व्याजात धरू

“हलगीवाल्याची पोरगी इंग्लिश मीडियमला गेली. आता इंग्रजीत हप्ते बुडवतील.”

हे मला उद्देशून नव्हतं. पतसंस्थेच्या मॅनेजरच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि तो आत बसलेल्या कॅशियरला सांगत होता. कॅशियर हसला. मग कपात चमचा फिरल्याचा आवाज आला. मी बाहेरच्या बाकावर होते, मांडीवर फाईल. शेजारी पप्पा. त्यांनीही ऐकलं. ते समोरच्या भिंतीवरचा ठेवींच्या व्याजदराचा तक्ता वाचू लागले. खालपर्यंत वाचला. परत वरून सुरू केला.

त्यांच्या पायात चपला नव्हत्या. पायरीखाली काढून आले होते. त्या ऑफिसात सगळे बूट-चपला घालून येत-जात होते, चपला काढा अशी पाटीही नव्हती. मी हळूच म्हटलं, “पप्पा, चप्पल घालून या ना.”

“ऱ्हाऊ दे. फरशी पुसलेली हाय.”

फरशी पुसलेली नव्हती. चहाचे डाग होते.

आत बोलावलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, “ये बबन्या.” तो पप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असेल. दोन खुर्च्या होत्या. एकीवर त्याची बॅग होती, ती त्यानं उचलली नाही. दुसरी रिकामी. पप्पा बसेनात म्हणून मीही बसले नाही. रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं उभे, असं ते पंधरा मिनिटं चाललं. मी खुर्चीकडे बघत होते. साधी प्लॅस्टिकची खुर्ची. त्यावर बसायला आम्हाला कुणी मनाई केली नव्हती. तरी आम्ही उभे होतो, आणि मॅनेजरला त्यात काही खटकत नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

पप्पा क्लॅरिनेट वाजवतात. आजोबा हलगी वाजवायचे, गावात लग्न असो की मयत. आम्ही मातंग. वाजवणं आमच्याकडे आवडीतून आलेलं नाही, ते गावानं लावून दिलेलं काम. पप्पांनी हलगी सोडली, पोरवयात एका बँडमध्ये राहून क्लॅरिनेट शिकले आणि नेवाशात स्वतःचा बारा माणसांचा बँड उभा केला. बँडमधली माणसं त्यांना मास्तर म्हणतात. त्या बारा माणसांच्या बाहेर ते बबन्या.

माझी शाळेची फी लग्नसराईवर चालायची. सगळ्यांची जूनमध्ये, माझी मे संपता संपता, मागच्या वर्षाची. शाळेत मला कमी बोलायची सवय लागली. बोललं की विचारतात, वडील काय करतात. मी ‘म्युझिशियन’ असं सांगायचे. दहावीत असताना एका मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला गेले. वरात मांडवापाशी आली आणि पुढे पप्पा होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, गाल फुगलेले. त्यांनी मला पाहिलं. मी मैत्रिणीच्या मागे सरकले. मैत्रिणीची आई कुणाला तरी सांगत होती, बँडवाल्यांची पंगत मागे, पाण्याच्या टाकीपाशी बसवा. मी पुढे बसून जेवले. जिलेबी दुसऱ्यांदा घेतली. घरी पप्पांनी त्यावर एक शब्द काढला नाही. त्यांनी मला ओळख दाखवली नव्हती, हे बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं. आधी मी फक्त माझंच लपणं धरून बसले होते.

कर्ज साउंडच्या गाडीसाठी काढलं होतं. नुसत्या बँडला कुणी विचारत नव्हतं. लोकांना टेम्पोवर कर्णे हवे, लाइटचे खांब हवे, कीबोर्ड हवा, मागे जनरेटर. चार लाख. घर तारण ठेवलं, दोन खोल्या आणि पुढची पत्र्याची पडवी. सह्या केलेले तीन कोरे चेकही दिले. दिवाळीत गाडी आली आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात लॉकडाऊन लागला. गाडी ताडपत्रीखाली. लग्नं पन्नास माणसांत, तीही मोबाईलवर गाणी लावून.

पुढे लग्नं सुरू झाली तेव्हा पप्पांनी जमेल तसे दीड लाख भरले. तरी कर्ज सात लाख वीस हजार झालं. कसं झालं, हे आमच्या घरात कुणाला सांगता येत नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट अशी होती की जी मला फार उशिरा कळली.

पतसंस्थेच्या चेअरमनच्या मुलाचं लग्न होतं. पप्पा वाजवायला गेले आणि खुशीत घरी आले. मम्मीनं विचारलं, पैसे? पप्पा म्हणाले, “चेअरमनसायेब म्हनले, बबन्या, पैशाचं नाव काढू नको, व्याजात धरू.”

“लिहून दिलं का?”

“मोठ्या मान्साचा शब्द लिहून घ्यायचा आस्तो व्हय?”

मग चेअरमन कारखान्याच्या निवडणुकीत निवडून आले, त्याची मिरवणूक. व्याजात धरू. मग देवळाच्या कळसाची मिरवणूक. ती तर देवाचीच. मग त्यांच्या मेहुण्याचं लग्न, शेवगावला. चार वेळा. दर वेळी बारा माणसांची रोजी पप्पांनी खिशातून दिली, कारण त्यांच्या घरी चूल होती, त्यांना व्याजात धरून चालणार नव्हतं. त्यासाठी पप्पा इकडून तिकडून हजार-दोन हजार उचलायचे. म्हणजे कर्ज फेडण्यासाठी फुकट वाजवायचं आणि फुकट वाजवण्यासाठी कर्ज काढायचं.

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. आजोबांच्या वेळी वाजवलं की सुगीला धान्य मिळायचं. लिहिलेलं काही नसायचं, पण पायली ठरलेली असायची आणि ती यायची. कमी आली तर आजोबा भांडायचे. पप्पांच्या डोक्यात तीच रीत होती, फक्त धान्याच्या जागी व्याज आलं होतं. त्यांना वाटायचं, कुठल्यातरी वहीत आपल्या चार मिरवणुका मांडलेल्या आहेत.

पप्पांना भोळं म्हणण्याआधी मला माझंही सांगितलं पाहिजे.

मी नगरला सावेडीत एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. जायला-यायला स्कूटी घेतली होती, एका फायनान्स कंपनीच्या हप्त्यांवर. हप्ते थकले, फोन सुरू झाले. एक दिवस वसुलीवाल्याचा मेसेज आला. बत्तीस हजारांऐवजी अठरा हजार एकदम भरा, खातं बंद. मेसेज स्वच्छ इंग्रजीत होता. ‘डिअर मॅडम’नं सुरू, खाली ‘रिगार्ड्स’. दवाखान्यातले पेशंट मला ‘ए मुली’ म्हणतात. मला कुणीतरी ‘डिअर मॅडम’ म्हणत होतं. मी त्यानं दिलेल्या खात्यावर अठरा हजार पाठवले.

सहा महिन्यांनी दुसऱ्या एजन्सीचा फोन आला. बाकी एकवीस हजार. मी मेसेज दाखवला. पलीकडचा माणूस जांभई देत म्हणाला, “मॅडम, मेसेजला कोण विचारतं? कंपनीच्या लेटरहेडवर सेटलमेंटचं पत्र आहे का? पैसे भरायच्या आधी घ्यायचं असतं ते.”

म्हणजे पप्पांनी मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि मी इंग्रजीवर. दोघांचे पैसे सारखेच गेले.

तेव्हापासून माझा कुणावर विश्वास नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही, पण लाजतही नाही. कागद हातात आला की मी आधी खालून वाचते. तारीख, सही, शिक्का, मग मजकूर. समोरचा काय बोलतो याच्यापेक्षा काय लिहायचं टाळतो ते बघते.

तर त्या पहिल्या दिवशी मी मॅनेजरला खातेउतारा मागितला. तो म्हणाला, सिस्टिम बंद आहे. दुसऱ्यांदा गेले तेव्हा क्लार्क रजेवर. तिसऱ्यांदा मी अर्ज लिहून नेला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. पोच म्हटल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. उतारा दहा मिनिटांत मिळाला.

उताऱ्यात चार मिरवणुका नव्हत्या. असणार नाहीत हे मला माहीत होतं. तरी मी त्या त्या महिन्यांवर बोट ठेवत गेले. पप्पा शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना वाचता येतं, पण ते कागदाऐवजी माझ्या बोटाकडे बघत होते. ज्या महिन्यात शेवगावला वाजवलं, त्या महिन्यात खात्याला नऊ हजार दंडव्याज लागलं होतं.

मी विचारलं, “सर, लग्नात वाजवलेलं व्याजात धरणार होते.”

मॅनेजर हसला. “अगं, ते प्रेमाचं होतं. आनंदानं वाजवलं त्यानं. काय रे बबन्या? आनंदाचे पैसे लावतं का कुणी?”

आणि पप्पा म्हणाले, “न्हाई साहेब.”

हे मी अजून विसरलेले नाही. मॅनेजरचं वाक्य नाही, पप्पांचं. त्यांच्या तोंडून ते इतक्या पटकन निघालं, जणू आत तयारच होतं. आजोबांपासून.

एसटीनं परत येताना पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आपल्या मान्सांना रोजी दिली ती तर खरी व्हती ना?” मी म्हटलं, हो.

पतसंस्थेच्या दाराआड, कॅलेंडरखाली, एक कागद चिकटवलेला होता. ‘एकरकमी परतफेड योजना’. थकीत कर्जदारानं ठरलेली रक्कम एकदम भरली तर उरलेलं व्याज माफ, कर्ज खातं बंद. कॅलेंडर जरा उचललं तर दिसायचं. मी उचलून फोटो काढला होता. पुढच्या वेळी तो फोटो मॅनेजरसमोर ठेवला.

तो म्हणाला, “साडेपाच.”

मी गप्प बसले. खरं तर मला काय बोलावं ते सुचलं नाही. घासाघीस मला जमत नाही, भाजीवालीशीही नाही. मी टेबलाच्या काचेखालच्या व्हिजिटिंग कार्डांकडे बघत राहिले. त्याला वाटलं मी अडून बसलेय.

“बरं, पाच.”

मी एकेक कार्ड वाचत होते.

“साडेचार. यापेक्षा खाली संचालक मंडळ मला खाईल.”

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, बंद केलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, “पावणेचार. मार्चअखेरच्या आत. कॅश आण, बाकीचं मी बघतो.”

बाहेर आल्यावर पप्पांनी माझी पाठ थोपटली. “लई भारी. यक शब्द न बोलता!” खूप दिवसांनी ते हसले. मला मात्र बरं वाटत नव्हतं. इतक्या सहज खाली का आला? कॅश कशाला? आणि ‘बाकीचं’ म्हणजे काय?

गाडी विकली. कर्णे, जनरेटर, कीबोर्ड सगळ्यासकट दोन लाख वीस हजार. घ्यायला आलेल्या माणसानं टेम्पोवरचं बँडचं नाव तिथल्या तिथे घासून काढलं. पप्पा आत जाऊन बसले. माझे त्या स्कूटीनंतरच्या तीन वर्षांत साठलेले एक लाख दहा हजार. मम्मीनं बचत गटातून पंचेचाळीस हजार उचलले. पुरे पावणेचार. घरात आता विकण्यासारखं काही नव्हतं. हे पैसे गेले आणि कर्ज राहिलं, तर पुढची पाळी घराची.

म्हणून मी कॅश नेली नाही. बँकेतून पतसंस्थेच्या नावानं डीडी काढला.

मार्चचा शेवटचा आठवडा. पतसंस्थेत गर्दी. केबिनमध्ये मॅनेजरच्या खुर्चीवर त्या दिवशी चेअरमन बसले होते, मॅनेजर बाजूच्या स्टुलावर. चेअरमनना मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. आवाज मऊ. रागावणारा माणूस नव्हता. तो जास्त धोक्याचा, असं मला वाटलं.

“ये बबन्या. ही का तुझी पोरगी? हुशार आहे म्हणे.”

पप्पांनी हात जोडले. मी नमस्कार म्हटलं. बहुतेक मनातच.

मॅनेजर म्हणाला, “आणले?” मी फाईलमधून डीडी काढला. त्याचं तोंड उतरलं. “कॅश म्हटलं होतं ना मी?” चेअरमननी त्याच्याकडे एक नजर टाकली. “असू दे, असू दे. डीडी काय वाईट आहे? भर स्लिप.”

मॅनेजरनं भरणा स्लिप ओढली आणि भरभर लिहिलं. डाव्या हातानं कागद झाकून लिहीत होता, परीक्षेतल्या मुलासारखा. मग माझ्याकडे सरकवली. “इथे सही कर. डीडी दे.”

मी खालून वाचायला सुरुवात केली. तारीख बरोबर. रक्कम बरोबर. मधल्या ओळीत, ‘तपशील’च्या पुढे: थकीत व्याजापोटी जमा.

परत वाचलं.

व्याजापोटी. म्हणजे हे पावणेचार लाख व्याजात जाणार. योजना नाही, माफी नाही. मुद्दल जागेवर, घर तारण, आणि तीन कोरे चेक त्यांच्या कपाटात. एप्रिलच्या एक तारखेपासून व्याज पुन्हा सुरू.

“सर,” मी म्हटलं. त्या ओळीवर बोट ठेवलं. “सर, एकरकमीचा ठराव झालाय का?”

“होईल गं. मंडळाची मीटिंग एप्रिलमध्ये आहे. आधी पैसे दिसले पाहिजेत ना मंडळाला.”

“मग स्लिपवर व्याजापोटी का लिहिलंय?”

मॅनेजर म्हणाला, “ती आमची ऑफिसची पद्धत आहे. तुला नाही कळायचं.”

चेअरमन मध्ये बोलले, अगदी मायेनं. “बाळ, मी बसलोय ना इथे? माझा शब्द आहे. बबन्या, सांग हिला. आपले संबंध काय आजचे आहेत का?” मग पप्पांकडे वळून, “आणि हो, एप्रिलमध्ये पुतण्याचं लग्न आहे. बँड तुझाच.”

पप्पा चाचरले. “साहेब, गाडी इकली. ह्यासाठीच इकली.”

“विकली तर विकली. चालत वाजवा की. तुझा बाप चालतच वाजवायचा ना?”

मॅनेजर हसला. दारात उभा असलेला कॅशियर हसला. आणि पप्पासुद्धा हसले. त्यांनी हसून घेतलं, जसं माणूस अंगावर पडलेली धूळ हातानं झटकतो. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, “दे पोरी डीडी. साहेबांचा शब्द हाय.”

त्यांच्या डोळ्यांत विश्वास नव्हता. हे मला त्या क्षणी दिसलं. त्यांचा शब्दावर विश्वास राहिलेला नव्हता, कधीच. त्यांना फक्त नाही म्हणायची सवय नव्हती. इतकी वर्षं मी त्यांना भोळं समजत होते. ते घाबरलेले होते. मीही तशीच होते, फक्त माझ्या भीतीला शाळेत ‘शाय’ असं चांगलं नाव मिळालं होतं. दर वर्षी रिपोर्ट कार्डवर लिहून यायचं.

बाहेर गर्दीतली माणसं काचेतून आत बघत होती. त्यांच्याही हातात स्लिपा होत्या. त्यांच्या स्लिपांवर मधल्या ओळीत काय लिहिलं असेल?

मी रिकामी खुर्ची ओढली. पप्पांना म्हटलं, बसा. ते बसेनात. मी त्यांच्या दंडाला धरलं आणि बसवलं. मग स्लिप चेअरमनच्या बाजूला सरकवली, सही न करता. डीडी परत फाईलमध्ये घातला. फाईलची दोरी बांधली. गाठ दोनदा सुटली. त्या सगळ्यांनी ते पाहिलं. पाहू दे.

आणि मी बोलले. बाहेरच्या काचेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

“डीडी आज मिळणार नाही. आधी संचालक मंडळाचा ठराव करा. मग पत्र द्या, पतसंस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. त्यात लिहा की पावणेचार लाखांत कर्ज पूर्ण मिटलं, बाकी शून्य, घर मोकळं, तीन कोरे चेक परत. ते माझ्या हातात पडलं की त्याच मिनिटाला डीडी तुमच्या हातात. मार्च तुमचा संपतोय, माझा नाही. आणि लग्नात वाजवायचं असेल तर मास्तरांच्या घरी येऊन सुपारी द्या. बारा माणसांचा दर आहे. निम्मे पैसे आधी लागतात, आणि त्याची पावती आम्ही देतो.”